रिकाम्या रकान्याला बोलतं करणारी

अलकाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका दवाखान्यात होते. एका संस्थेचा छोटा दवाखाना, दोन खोल्या आणि पुढं पडवी. आत शोभा सिस्टर कुणाचा तरी रक्तदाब मोजत होत्या आणि पडवीत मी पुण्याच्या एका कंपनीतल्या तरुण इंजिनिअरशी फोनवर भांडत होते. या दवाखान्याचं सॉफ्टवेअर अलकाताईनं आणि मी भोरात बसून केलेलं. आता संस्थेचे सगळे दवाखाने एकाच मोठ्या सॉफ्टवेअरवर जाणार होते आणि ते काम त्या कंपनीकडं होतं. तो अदबीनं म्हणत होता, "मॅडम, तुमचं बाकी सगळं घेतोय. फक्त 'माहेर' हा रकाना काढतोय. दवाखान्याच्या नोंदीत माहेर कशाला?" मी म्हटलं, "तो काढलात तर इथं एखादी बाई जिवाला मुकेल." तो हसला नाही, पण त्याला पटलंही नाही. तेवढ्यात मध्येच दाजींचा, म्हणजे अलकाताईच्या यजमानांचा फोन यायला लागला. तिचं किडनीचं दुखणं चालू होतं, पुण्याला दवाखान्यात होती. मला वाटलं, तिलाच बोलायचं असेल. दाजी एवढंच म्हणाले, "सुरेखा, तुझी ताई गेली गं..."

मला पहिला विचार काय आला, ते सांगते. रडू नंतर आलं. पहिला विचार हा आला, की आता हे भांडण मला एकटीला जिंकायचंय.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, कारण ती पायरी किती उंच असते हे चढणाऱ्यालाच माहीत. भोरच्या कॉलेजातून बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले आणि नोकरी शोधत अलकाताईच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या माडीत दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि कीबोर्डवर पिठाचा पातळ थर बसायचा. आलेल्या माणसाला ती सांगायची, "आमच्यात ताजं दळूनच मिळतं." तिनं माझी सर्टिफिकेटांची फाईल उघडलीसुद्धा नाही.

"घरात कोण शिकलेलं?"

"कुणी न्हाई. मी पहिलीच."

"मीबी. बरं, तुला नाही म्हणता येतं का?"

"कुणाला?"

"कुणालाबी. सॉफ्टवेअरचं निम्मं काम नाही म्हणायचंच असतंय."

"येतं की."

"मग उद्या सकाळी ये."

"उद्या न्हाई जमायचं. आमच्यात उद्या भाताची लावण हाय."

ती एवढ्या मोठ्यानं हसली, की खालून गिरणीवाले काका ओरडले, "काय झालं ओ ताई?" ती खिडकीतून म्हणाली, "पोरगी पास झाली!" अशी मला नोकरी लागली.

ती शांत, सोशिक वगैरे अजिबात नव्हती. मृत माणसाबद्दल तसं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. ती मोठ्यानं बोलायची, चुकलं तर चारचौघांत झापायची, आणि आपल्यासारखं काम भोर-वेल्ह्यात कुणाला येत नाही असं स्वतःच सांगायची. ते खरंही होतं. दूध डेअऱ्या, शाळा, सोसायट्या, सगळ्यांची सॉफ्टवेअर तिच्या हातची. तिचा हातखंडा होता तो नियमांत. कुठल्या रकान्यात काय येऊ द्यायचं, काय नाही, कुठला रकाना मोकळा सोडायचा, कुठला नाही, कुठली नोंद दुबार होऊ द्यायची नाही. कॉलेजात आम्हाला हे शेवटच्या धड्यात होतं आणि परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी सोडून दिलं होतं. अलकाताई तिथूनच सुरुवात करायची. ती म्हणायची, "स्क्रीनवर लावलेला नियम म्हणजे दारात बसवलेला माणूस. त्याला चहा पाजला की तो सोडतोय आत. डेटाबेसमधला नियम म्हणजे उंबरा. उंबऱ्याला कोण चहा पाजणार? दोन्ही ठेव, पण भरवसा उंबऱ्यावर." आजही नवीन मुलांना मी हेच वाक्य सांगते, आणि त्यांना ते एकदाच सांगावं लागतं.

पण नियमाचा तिला जेवढा अभिमान, तेवढीच त्याची धास्तीही. शाळेचं काम करताना मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, या यादीत निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला आहे. हा घोळ आहे." ती म्हणाली, "घोळ न्हाई, तो आपला जुना कम्पल्सरी रकाना हाय. बापाला तारीख ठावं न्हाई, आणि दाखल्यात तारखेशिवाय गुरुजींचं पुढं सरकत न्हाई. मग काय, शाळा जूनला सुरू होती, घाल एक जून! शाळेत गेलेल्यांचा एक जून आणि न गेलेल्यांचा आधारवाल्यानं घातलेला एक जानेवारी." मग बोट नाचवत म्हणाली, "ध्यानात ठेव. जे माणसाकडं न्हाईच, ते तू सक्तीनं मागितलंस, तर माणूस खोटं देतंय. आणि खोटं भरलेला रकाना मोकळ्यापेक्षा वाईट. मोकळा निदान मोकळा दिसतोय तरी." तिचा स्वतःचा वाढदिवसही एक जूनचाच. आम्ही त्या दिवशी ऑफिसात भजी करायचो आणि गिरणीवर दळायला आलेल्या सगळ्यांना द्यायचो. "घ्या, तुमचाबी असंल आज," म्हणायची.

आणि तरीही त्या दवाखान्याच्या कामात ती चुकली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती असती तर तिनंच पहिल्यांदा सांगितलं असतं.

दवाखान्याची पहिली अडचण होती दुबार नोंदींची. एकच माणूस दर खेपेला नवा म्हणून लिहिला जायचा, जुना आजार कुणाला दिसायचा नाही. ताईनं उंबरा घातला. नाव, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, हे सगळं जुळलं तर नवी नोंद होणार नाही. पुस्तकात शोभेल असा नियम. फक्त आमच्याकडच्या गावांत अख्ख्या गावाचं आडनाव एकच असतं, आणि दवाखान्याजवळच्या एका गावात हौसाबाई मारुती नावाच्या दोन बाया होत्या. दोघींचे नवरे मारुती. दोघीही शाळेत न गेलेल्या, म्हणजे दोघींचा एक जानेवारी, आणि आधारवाल्यानं अंदाजानं घातलेलं सालही एकच.

पहिल्या हौसाबाईला एका इंजेक्शनची ॲलर्जी. ते सुरुवातीलाच तिच्या नोंदीत लाल अक्षरात घातलेलं. मग कधीतरी दुसरी हौसाबाई तापानं आली. सॉफ्टवेअरनं नवी नोंद घेतली नाही, 'ही व्यक्ती आधीच आहे' म्हणालं. बाहेर ही रांग. त्या दिवशी बदलीवर आलेल्या नर्सबाईंनी जुनी नोंद उघडली आणि तिच्यातच लिहिलं: ताप, इंजेक्शन दिलं, त्रास नाही. पुढं पहिली हौसाबाई पाय चिघळला म्हणून आली. डॉक्टरांनी नोंद पाहिली. वर ॲलर्जी, खाली तेच इंजेक्शन देऊनही त्रास नाही. त्यांना वाटलं, वरचंच चुकीचं असेल. सुई भरली.

शोभा सिस्टर तिथं होत्या. त्या अजूनही सांगतात तसं सांगते. हौसाबाई एकदम उठून बसली आणि म्हणाली, "ही सुई मला सोसत न्हाई ओ डाक्टर. मागं डोळं पांढरं झालं व्हतं माझं."

"मावशी, मागच्या महिन्यात तर घेतलीत की तुम्ही."

"म्या? म्या मागच्या म्हैन्यात हितं आल्येच न्हाई!"

म्हणून वाचली. बोलकी होती म्हणून. ताप डोक्यात जाऊन ग्लानीत आली असती, तर...

सिस्टरांचा फोन आला तेव्हा ताई जेवत होती. पुढचा घास तिनं घेतला नाही. त्या नर्सबाईंवर सगळं ढकलता आलं असतं, संस्थेचे लोक तेच म्हणत होते. ताई म्हणाली, "तिनं काय करायचं होतं? बाई दारात तापानं फणफणलेली आणि माझा उंबरा म्हणतोय, तू हायसच आत." आणि मला घेऊन एसटीनं निघाली. वेल्ह्याला उतरून पुढं टेम्पोत मागं बसून गेलो. हौसाबाई अंगणात पाय पसरून तांदूळ निवडत होती, शेजारी दुसरी हौसाबाईही होती, कारण गावात सगळं कळलं होतं आणि दोघींना एकदम भाव आला होता. ताई सरळ जाऊन पहिलीच्या पाया पडली.

"मावशी, त्यो कॉम्प्युटर माझ्या हातचा. चूक माझी हाय."

हौसाबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "तुझ्या मशिनीनं मारली आसती की गं मला."

"व्हय."

"मग आता काय, बंद करतीस का काय ती?"

"न्हाई. तिला शिकवती. पर मला आधी सांगा, गावात तुमा दोघींला वेगळं कसं वळखत्यात?"

दुसरी हौसाबाई फिसकन हसली. "हे काय इचारणं झालं? ही पासलीकरीण आन् म्या वेल्हेकरीण."

"वेल्हेकरीण म्हंजे बाजारातली," पहिली सुपातून मान वर न करता म्हणाली. "बगा की, जीभ कशी चालती."

"आन् तू गं? पासलीवरनं येताना तोंड तिकडंच इसरून आलीस का? डाक्टरपुढं तर लई वाजलं!"

"वाजलं म्हणून जित्ती हाय!"

ताईनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. मलाही हसू आवरेना. माझ्या आईला अख्खं गाव मार्गासनीकरीण म्हणतं. तिचं खरं नाव मला शाळेत घातलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्याकडं सून आली की तिचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, पण तिच्या माहेरच्या गावाचं नाव मरेपर्यंत तिच्या पाठीशी राहतं. हे आम्हा दोघींना जन्मापासून ठाऊक होतं. फक्त ऑफिसात बसल्यावर आठवायचं राहिलं होतं, एवढंच. परतीच्या एसटीत ताईनं तिकिटाच्या पाठीवर नवा नियम मांडला. माहेरचं गाव, कम्पल्सरी. मी विचारलं, "आणि पुरुषांना?" म्हणाली, "त्यांना आईचं नाव. बापाच्या नावानं सगळेच मिरवत्यात."

नवा रकाना घालून आम्ही दवाखान्यात चाचणीला गेलो, तो दिवस मी विसरणार नाही. कुठलंही काम सुरू करताना पहिला पेशंट म्हणून ती स्वतःचं नाव भरायला लावायची. शोभा सिस्टर टाईप करत होत्या. नाव झालं, गाव भोर झालं. "माहेर?" सिस्टरांनी विचारलं.

ताईनं नजर पडवीकडं वळवली.

मला माहीत होतं. तिनं दाजींशी लग्न केलं ते घरच्यांच्या मनाविरुद्ध. वडील म्हणाले होते, हे दार तुला बंद. ते गेले तेव्हाही तिला कुणी कळवलं नाही. सिस्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी परत विचारलं, "अहो ताई, माहेर?"

"नाही," ताई म्हणाली.

"तुमचंच सॉफ्टवेअर 'नाही' घेत न्हाई ओ. मोकळंबी सोडू देत न्हाई. तुमीच लावलंय ना कुलूप!"

पडवीत बसलेल्या बाया हसल्या. त्यांतली एक धनगरवस्तीवरची म्हातारी म्हणाली, "माझं तरी काय घालशीला? माझं म्हायार मेंढरांमागं हिंडायचं. आज हितं, उद्या घाटाखाली. कंच्या गावाचं नाव सांगू?"

ताई सिस्टरांना उठवून स्वतः बसली, आणि तिथंच, सगळ्या बायांदेखत, तिनं त्या रकान्याला तीन उत्तरं जोडली: माहीत नाही, फिरतं, सांगायचं नाही. 'नाही' मात्र ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नाही असं कुणाचं नसतंय. कुठनं तरी आलेलीच असती बाई." मग त्या म्हातारीला विचारलं, "आजी, 'फिरतं' चालंल?" म्हातारी म्हणाली, "चालंल की. खरंच फिरतं व्हतं." आणि स्वतःच्या नोंदीत ताईनं तिसरं उत्तर निवडलं, कुणापासून न लपवता. मला म्हणाली, "सुरेखा, रिकामा रकाना मुका असतोय. कशानं रिकामा हाय ते त्याला बोलता आलं पायजे. आणि सांगायचं नाही, हे सुद्धा सांगणंच हाय."

डेटाबेसवर मी आजवर पुष्कळ वाचलं, इंग्रजीतूनही वाचलं. पण एवढं स्वच्छ कुठं वाचलेलं नाही.

तिची माझी शेवटची भेट पुण्याच्या दवाखान्यात. हात सुजलेला, आवाज बसलेला, पण तोंड चालूच. कंपनी माहेर काढतेय असं मी सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "त्यांची चूक न्हाई. त्यांच्या इमारतीत एका नावाच्या दोन हौसाबाया राहत न्हाईत. तू समजून सांग. न्हाई समजलं तर भांड. पर रकाना सोडू नको... न्हाईतर ती लोकं परत सुई भरतील गं." मी म्हटलं, "तू बरी होऊन ये, दोघी भांडू." तिनं नुसता हात हलवला.

अंत्यविधीच्या दिवशी आळीतल्या बाया आपसात कुजबुजत होत्या. आमच्याकडं लेकीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. दाजी खाली मान घालून म्हणाले, "कुणी यायचं न्हाई, उरकून घ्या." तरी एक म्हातारी अडून बसली, "वाईच थांबा." आणि खरंच, जरा वेळानं एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले. हातात कागदात गुंडाळलेली हिरवी साडी. तिचे थोरले भाऊ. साडी तिच्या अंगावर घातली, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठताना लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. दाजींनी त्यांना धरलं... नंतर सिस्टरांनी मला विचारलं, ताईंच्या नोंदीत आता गावाचं नाव घालायचं का. मी नको म्हटलं. तिनं 'सांगायचं नाही' म्हटलं होतं. भाऊ आला म्हणून ते सांगणारी मी कोण? या लेखातही ते नाव मी लिहिलेलं नाही, ते त्याचसाठी.

तेराव्यानंतर मी पुण्याला कंपनीत गेले. काचेचं दार, गार खोली, भिंतीवर मोठा पडदा. तो इंजिनिअर मुलगा चांगला होता, पाणी स्वतः आणून दिलं. म्हणाला, "मॅडम, आधार नंबर आहे ना. तो प्रत्येकाचा वेगळाच असतो." मी म्हटलं, "डोंगरावरून तापात आलेल्या बाईच्या पदरात आधार कार्ड नसतं. माहेर असतं. तिला विचारलं की ती सांगते, ग्लानीत असली तर आणणारी सांगते." तो म्हणाला, "मग ठेवू या, पण ऐच्छिक." मी म्हटलं, "ऐच्छिक म्हणजे रांग वाढली की कुणी भरणार नाही. आणि रांग रोज वाढते." मग मी त्याला पडद्यावर दोन्ही हौसाबायांच्या नोंदी शेजारी शेजारी लावायला सांगितल्या आणि माहेरवर हात धरायला सांगितला. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. म्हटलं, "आता यांतली एक दारात आलीय. तुम्ही डॉक्टर. सुई द्या."

त्यानं दोन्ही नोंदी ओळीनं परत वाचल्या. मग हात काढला. "माझ्या आजीला सगळे सासवडकरीण म्हणायचे," तो एकदम म्हणाला. "तिचं नाव काय होतं, मला आता आठवतच नाहीये..." त्यानं रकाना कम्पल्सरी केला, तिन्ही उत्तरांसकट. आणि नुसता आमच्या दवाखान्याला नाही, संस्थेच्या सगळ्या दवाखान्यांना.

मग तो खाली खाली वाचत गेला आणि हसायला लागला. चूक झाली की स्क्रीनवर येणारे निरोप ताईनं स्वतः लिहिलेले. 'अवैध माहिती' असला शब्द तिनं कधी वापरला नाही. उद्याची तारीख टाकली तर येतं, 'हा दिवस अजून उजाडायचाय.' वय जास्त पडलं तर, 'एवढं आयुष्य कुणाला मिळालंय, परत बघा.' वजनात चूक झाली तर, 'हे माणसाचं वजन आहे की भाताच्या पोत्याचं?' त्यानं विचारलं, "हे बदलून प्रमाण भाषेत करू?" मी नाही म्हटलं. ते काम मला येतं.

मागच्या आठवड्यात नवीन सॉफ्टवेअर आमच्या दवाखान्यात सुरू झालं. मी गेले होते. शोभा सिस्टर रजेवर होत्या आणि खुर्चीत नव्यानं लागलेली नर्स होती, लातूरकडची, इथलं काही माहीत नसलेली. वेल्हेकरीण हौसाबाई खोकला घेऊन आली. त्या सुईच्या भानगडीनंतर दोन वर्षांत खंगलीय. मी पडवीतच थांबले, मुद्दाम काही बोलले नाही. त्या मुलीनं नाव घातलं, गाव घातलं आणि माहेर सोडून पुढं जायला लागली. स्क्रीन थांबली. तिनं ओठ हलवत निरोप वाचला, मग परत मोठ्यानं वाचला: "माहेर विचारा. विचारलं की बाईला बरं वाटतं."

तिनं स्क्रीनवरची नजर काढून पहिल्यांदाच समोर पाहिलं. "आजी, तुमचं माहेर कुठलं?"

हौसाबाईनं खोकला आवरला, पदर सारखा केला आणि ताठ बसून म्हणाली, "वेल्हं. लिही."